लाल सॉकेट

माझ्या लॅबमध्ये दोन रंगांचे सॉकेट होते. पांढरे आणि लाल. पांढऱ्यात काहीही लावा, मोबाइलचा चार्जर, चहाची किटली, झाडू मारणाऱ्या मावशींचा रेडिओ. लाल सॉकेटला मात्र संगणकाशिवाय काही लावायचं नाही. लाल सॉकेटच्या मागे बॅटऱ्या असतात. बाहेरची वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ बॅटरीने संगणक धरून ठेवायचा असतो. आमचा जनरेटर सहा सेकंदांत लागायचा. पेपर सुटल्यावर मी मुलांना मुद्दाम विचारायची, "मध्ये लाईट गेली होती, कळलं का?" मुलं विचारायची, "कधी?" या एका शब्दासाठी मी आठ वर्षं तो हॉल चालवला.

लाल सॉकेटचा नियम मीच मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर चिकटवला होता. तो मोडलाही मीच. पण मला परीक्षा केंद्रांच्या यादीतून काढलं ते त्यासाठी नाही. काढलं त्या पत्रात कारण लिहिलंय, "केंद्रचालकाने खोटा अहवाल सादर केला." हे वाक्य खरं आहे. खरं असूनही ते मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांच्या घरात बारावीचं मूल नाही त्यांच्यासाठी आधी धंदा सांगते. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जा, फार्मसीला जा, नाहीतर आणखी कुठे, आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती आता संगणकावर होते. परीक्षा घेण्याचं काम एखाद्या कंपनीला मिळतं. कंपनीकडे गावोगावी संगणक कुठून असणार? मग ती आमच्यासारख्यांचे हॉल भाड्याने घेते, दर खुर्चीमागे, दर पाळीला. म्हणजे ज्या पेपरासाठी घरात दोन वर्षं टीव्ही बंद असतो, तो पेपर शेवटी सीबीडी बेलापूरमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत, खाली वकिलांची ऑफिसं आणि वर माझा हॉल, अशा एका दुसऱ्या मजल्यावर होतो. आणि संगणक असतात माझ्यासारख्या बाईने घासाघीस करून घेतलेले.

घासाघिशीची मला लाज नाही. माझी आई दिवाळे गावच्या बंदरावर मासळी विकायची. माझे पहिले तीन संगणक एका बंद पडलेल्या कचेरीच्या लिलावातले. लिलाववाल्याशी मी दुपारी बाराला बोलायला सुरुवात केली आणि चारला त्याने हात जोडले. खुर्च्या एका बुडालेल्या कोचिंग क्लासच्या, जनरेटर एका लग्नाच्या हॉलचा, संगणकांचे पडदे तर कुठून कुठून गोळा केलेले. नवीन वस्तू म्हणून हॉलमध्ये फक्त भिंतीवरचा रंग होता. आई हॉल बघायला आली तेव्हा सगळं निरखून म्हणाली, "भाव कसाबी कर पोरी. पन शिला माल ताजा म्हनून कोनाला देऊ नको." मी म्हटलं, आई, हे कॉम्प्युटर आहेत, बोंबील नाहीत. ती म्हणाली, "मना ठावं हाय काय हाय तं."

मुलं या धंद्यात त्रास देत नाहीत. त्रास आईबापांचा. एक गृहस्थ खारघरहून आदल्या दिवशीच आले आणि म्हणाले, मुलाला एसीखालची जागा द्या, काय लागेल ते बोला. मी सांगितलं, जागा संगणक ठरवतो. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मग त्या संगणकाचं कोण बघतं?" एका मुलीच्या नाकातली चमकी निघेना. अंगावर धातू चालत नाही, गेट बंद व्हायला सात मिनिटं, मुलगी रडतेय, तिची आई माझ्यावर ओरडतेय. मी खालच्या वडेवाल्याकडून गोडंतेल आणलं आणि चमकी काढून आईच्या हातात ठेवली. ती आई जाताना म्हणाली, "नाक लाल केलंत पोरीचं." पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आलेल्या मुलांसाठी माझ्या खणात कायम कात्री असे. किती चांगले शर्ट मी कोपरापासून कापले असतील, त्याचा हिशोब वर कुठे ठेवत असतील तर ठेवोत.

आत आलेल्या मुलांपुढे मी एक भाषण करायची. तेच ते, शब्द न बदलता. "कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. काही अडचण आली तर हात वर करायचा आणि गप्प बसायचं. तोंडातून आवाज काढला तर पेपर जाईल." आवाज माझा बंदरावरचा आहे, त्यामुळे माइक लागत नसे. माझ्या हॉलमध्ये पेपरच्या वेळी फक्त माउसचा टिकटिकाट ऐकू यायचा. बाकीच्या केंद्रांवर काय बाजार भरतो तो मी पाहिलेला आहे. मला माझ्या भाषणाचा अभिमान होता.

आता तो दिवस.

मे महिना होता. चौथ्या रांगेवरचा एसी दोन दिवसांपासून गरम हवा टाकत होता. अन्वरभाई माझा जुना एसीवाला. त्याने शिडीवरूनच सांगितलं, "मॅडम, गॅस भी भरना पडेगा, पार्ट भी बदलना पडेगा." त्याने रक्कम सांगितली, मी तिच्या निम्मी सांगितली. तो दोन पायऱ्या खाली आला, मी थोडी वर गेले. अजून दोन पायऱ्या आल्या असत्या तर जमलं असतं, पण मी बोलून गेले, "गेल्या वेळी तू भरलास तो गॅस होता का हवा?" अन्वरभाई शिडीवरून उतरला, हत्यारं पिशवीत भरली आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, दुसरा आदमी देख लो." मे महिन्यात एसीवाला रुसला तर दुसरा आदमी जूनमध्ये मिळतो.

सकाळची पाळी कशीबशी पार पडली. दुपारच्या पाळीला मुलं बसली तेव्हा चौथ्या रांगेत अठरा जण घामाने निथळत होते. एकाचा हात माउसवरून घसरत होता. मी खालच्या मांडववाल्याकडून दोन मोठे उभे पंखे मागवले, लग्नात पाहुण्यांवर पाणी उडवतात ना, तसले. पांढरा सॉकेट भिंतीजवळ होता आणि पंख्याची वायर तिथपर्यंत पोचेना. लाल सॉकेट हाताशी होता.

दत्ता माझ्याकडे सुरुवातीपासून वीज आणि संगणक बघायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, लाल आहे."

मी म्हटलं, "दोन पंखे आहेत दत्ता, पिठाची गिरणी नाही."

"बॅटरीवर आलं तर नाही झेपणार. बॅटऱ्या पण जुन्याच आहेत आपल्या."

"वीज गेली तर ना? पोरं उकडतायत, लाव."

त्याने लावले. वारा सुटला आणि मुलांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

जनरेटर सहा सेकंदांत लागला. तीन रांगांना काही कळलं नाही. चौथ्या रांगेच्या बॅटऱ्यांवर रांगेतले संगणक आणि दोन पंखे एकदम आले आणि त्या पडल्या. सगळी रांग काळी झाली. दत्ताने धावत जाऊन पंखे उपटले, रांग पुन्हा चालू केली. संगणक सुरू व्हायला लागले. हॉलवर लक्ष ठेवायला दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्या एकेका मुलाला पुन्हा आत घेत होत्या. इथे एक गोष्ट समजून घ्या. संगणक बंद पडला की मुलाचं घड्याळही थांबतं. संगणक परत सुरू झाला की उरलेली मिनिटं तशीच्या तशी मिळतात. त्यामुळे सतरा मुलांचा एक सेकंदही गेला नाही. घाबरली बिचारी, पण वेळ मिळाला.

अठरावी मुलगी होती वैष्णवी. तिच्या टेबलाखालचा सॉकेटचा एक बोर्ड आदल्या आठवड्यात जळाला होता, म्हणून दत्ताने तिचा संगणक तात्पुरता तिसऱ्या रांगेच्या लायनीवर टाकला होता. पडदा मात्र चौथ्या रांगेवरच होता. म्हणजे तिचा संगणक एक क्षणही बंद पडला नाही, फक्त पडदा गेला. आणि तो पडदा माझ्या जुन्या खरेदीतला. एकदा वीज गेली की आपोआप उजळत नसे, खालचं बटण दाबावं लागे. संगणक चालू, पडदा काळा, आणि आत कुठेतरी तिचं घड्याळ पळतंय. गणिताचा भाग चालू होता.

ही मुलगी हात वर करून बसली. आम्हाला वाटलं, तिचाही सुरू होतोय. ज्यांचे सुरू होत होते ते जागेवरून "मॅडम, मॅडम" करत होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. शेवटी त्या कॉलेजच्या मुलींपैकी एकीने येऊन बटण दाबलं तेव्हा अकरा मिनिटं गेली होती. वैष्णवीने बोटाने घड्याळ दाखवलं. ती कॉलेजची मुलगी म्हणाली, "नंतर बघू, आधी पेपर सोडव."

नंतर कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी पाळी संपल्यावर घटना अहवाल भरायचा असतो. काय घडलं ते लिहायचं, काही घडलं नसेल तर "निरंक" लिहायचं आणि केंद्रचालकाने सही करायची. कंपनीचा समन्वयक म्हणून निखिल नावाचा तरुण होता. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, वागायला गोड. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, निरंक टाकू या."

"रांग पडली होती निखिल."

"सतरा जणांचा टाइम मिळाला ना? मग कसली घटना? फॅन लाल सॉकेटवर होता हे लिहिलं तर तुम्हाला दंड, मला मेमो. कशाला टेन्शन घ्यायचं?"

"आणि ती अठरावी?"

"तिने काही लिहून दिलंय?"

"नाही."

"मग नाही ना." त्याने पेन माझ्यापुढे सरकवलं. "बाय द वे, उलव्याचं तुम्ही विचारत होतात. पुढच्या सीझनला तिथं मोठं सेंटर घ्यायचं चाललंय. विमानतळामुळे सगळी वस्ती तिकडेच जातेय. आपलं रेकॉर्ड क्लीन असलं की मला वर बोलायला सोपं जातं."

उलव्याच्या केंद्रावर माझा दोन वर्षं डोळा होता. नवी इमारत, नवे संगणक, दुप्पट खुर्च्या. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते मला आज कुणी सांगायला नको. मी काय केलं ते सांगते. मी घासाघीस केली. म्हटलं, उलवे मिळणार असेल तर दर मी सांगेन तो. तो म्हणाला, थोडा खाली या. मी आले नाही. त्याने फोनवर कुणाशी तरी बोलल्यासारखं केलं आणि होकाराची मान हलवली. मी "निरंक" लिहून सही केली. जिना उतरताना दत्ता म्हणाला, "काय लिहिलंत?" मी सांगितलं. तो जिन्याचा दिवा बंद करून पुढे गेला. मला राग आला. मी सौदा जिंकले होते आणि त्याचं तोंड असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी हॉल उघडला तर दारात एक माणूस आणि ती मुलगी. माणूस तुर्भ्याच्या बाजारात बटाट्याची पोती उचलणारा, साताऱ्याकडचा. मानेवर ओझ्याचा घट्टा, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. अशा भेटींची मला सवय होती. पेपर वाईट गेला की लोक केंद्रावर येतात. भांडायची तयारी ठेवून मी खुर्चीत बसले.

तो भांडला नाही. म्हणाला, "मॅडम, पोरगी म्हनती तिचा पडदा बंद पडला हुता. मी म्हनलं, समद्यांचं सुरू झालं आन तुझंच कसं बंद राहिलं? तिच्या मैत्रिणीचं त्याच रांगंत सुरू झालं. काल घरात लई बोललो तिला. तिची आई बी बोलली. अभ्यास झाला न्हाय म्हनून खोटं सांगती असं म्हनलो. रातभर जेवली न्हाय. तवा खरं का खोटं, तेवढं सांगा. दुसरं काय मागत न्हाय."

मुलगी खिडकीकडे बघत होती.

मी म्हणू शकले असते, आमच्याकडे तशी नोंद नाही. ते खरंच होतं, नोंद नव्हती, मीच केली नव्हती. तोंड उघडलंही मी तेच बोलायला. पण हा माणूस भाव करायला आला नव्हता. त्याला एक गोष्ट फक्त कळून घ्यायची होती आणि ती माझ्यापाशी होती. आयुष्यभर मी मागणाऱ्यांशी झगडले. काहीच न मागणाऱ्याशी कसं झगडायचं ते मला येत नाही.

हॉलमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण आमच्याकडे महिनाभर राहतं. मी दत्ताला ते लावायला सांगितलं. तीन वाजून दहा मिनिटं. चौथी रांग काळी झाली. मुलं इकडेतिकडे बघतायत, दत्ता पंख्यांवर धावतोय, मी हॉलच्या मध्यभागी उभी राहून दोन्ही हातांनी सगळ्यांना बसा बसा करतेय. आणि कडेच्या टेबलावर ही मुलगी हात वर करून बसलेली. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेजारचे पडदे उजळले. हिचा हात तसाच. पाचव्या मिनिटाला तिने उजवा हात खाली घेतला आणि डावा वर केला. मग पुन्हा उजवा. मध्ये एकदा मी तिच्या टेबलाला घासून गेले. गेले ती गेलेच.

अकरा मिनिटं आम्ही चौघं उभ्याने ते बघत होतो. कुणी पुढे ढकला म्हटलं नाही.

माझा स्वभाव असा की स्वतःची चूक दिसली की मी आधी दुसऱ्यावर ओरडते. मी त्या मुलीवर ओरडले. "अगं, तोंड नव्हतं का तुला? ओरडायचं ना. बटण दाबायचं ना."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुम्हीच सांगितलं होतं मॅडम. बटणाला हात लावू नका. हात वर करा आणि गप्प बसा. आवाज काढला तर पेपर जाईल."

माझेच शब्द, माझ्याच क्रमाने.

तिच्या बापाने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला म्हणाला, "येतो मॅडम. खरं हुतं, कळलं. लई झालं."

"थांबा," मी म्हटलं. "बसा दोघं. दत्ता, दोन चहा सांग. आणि प्रिंटरमध्ये कागद घाल."

मी दुसरा अहवाल लिहिला. पंखे, लाल सॉकेट, अकरा मिनिटं, कॅमेऱ्याची वेळ, आणि काल निरंक का लिहिलं तेही. मुलीकडून तक्रारीचा अर्ज लिहून घेतला आणि बापाची सही घेतली. त्याला विचारायचं होतं ते त्याने सहीनंतर विचारलं. "तुमाला तरास न्हाय ना हुनार?"

"तुम्ही चहा प्या," मी म्हटलं.

पाठवण्याआधी निखिलला फोन केला. त्याला अंधारात ठेवायचं नव्हतं. तो पहिल्यांदा हसला, मग हसायचा थांबला.

"मॅडम, काल तुम्ही सही केलीय. आज उलटं लिहिलंत तर कालचं खोटं ठरेल. कोण खोटं ठरेल? तुम्ही."

"सांगितलं कुणी निरंक लिहायला?"

"मी?" तो म्हणाला. "माझं कुठे काही लिहिलेलं आहे?"

खरंच नव्हतं. इतकी वर्षं मी प्रत्येक सौदा लिहून घेतला. बॅटरीवाल्याकडून, मांडववाल्याकडून, चहावाल्याकडूनसुद्धा. हा एकच तोंडी केला.

मी पाठवायचं बटण दाबलं.

आठवड्याभराने मुलीला पत्र आलं, तिची परीक्षा पुन्हा घेणार. पाठोपाठ मला पत्र आलं. लाल सॉकेटबद्दल दंड, तो मी भरला, तो माझाच होता. आणि खोट्या अहवालाबद्दल यादीतून नाव कमी. मी बेलापूरहून अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात चार खेपा घातल्या. टेबलावर हात आपटले, कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं, आठ वर्षांचे कोरे अहवाल दाखवले. एक साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची भावना समजते. पण खोटा अहवाल तर आहे ना?" मी विचारलं, मी तो खरा केला नसता तर तुम्हाला खोटा होता हे कळलं असतं का? ते म्हणाले, "तो मुद्दा वेगळा आहे." एवढ्या वर्षांत मला एवढंच उमगलं की ज्याच्यापाशी उत्तर नसतं त्याच्यासाठी मुद्दा नेहमी वेगळा असतो.

निखिल अजून तिथेच आहे. बढती मिळाली म्हणतात. आजूबाजूची केंद्रं दर हंगामात निरंक भरतात. सगळ्यांकडे मे महिना असतो, सगळ्यांकडे जुन्या बॅटऱ्या असतात, आणि कुणाकडे कधी काही घडत नाही. कंपनीने दरात आम्हाला इतकं पिळायचं की नव्या बॅटऱ्या परवडू नयेत आणि पडल्या की विचारायचं, जुन्या का होत्या. हे मी तोंडावर बोलले आहे, इथेही लिहिते.

पण माझा हिशोबही स्वच्छ नाही. अन्वरभाईला मी ते वाक्य बोलले नसते तर एसी चालला असता. दत्ताचं ऐकलं असतं तर रांग पडली नसती. दुसऱ्या अहवालाचं मला कुणी कौतुक केलं की मला पहिला आठवतो. आई तेव्हा नव्हती. असती तर तिला मी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. बहुतेक काही नाही. तिला वासावरून कळायचं.

वैष्णवीची पुन्हा परीक्षा नेमकी उलव्याच्या त्या नव्या केंद्रावर आली. आदल्या दिवशी तिच्या बापाचा फोन. "मॅडम, पोरगी लई घाबरलीया. त्यो हॉल कसा हाय, बॅटरी बिटरी, तेवढं कुनाला विचारून सांगता का?" मी म्हटलं, विचारायचं कशाला, मी येते.

आत सोडणार नव्हतेच. आठ वर्षं मी गेटच्या आत होते, बाहेर कोण कसं उभं राहतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर सावली नव्हती. समोर अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि एक चहाची टपरी. आईबाप त्या टपरीच्या पत्र्याखाली दाटीने उभे. कुणी स्तोत्र म्हणत होतं, कुणी फोनमध्ये काही न बघता बघत होतं. गेट बंद झालं तेव्हा वैष्णवीने एकदा मागे पाहिलं. मी हात वर करून दाखवला, मग तोंडापाशी नेऊन ओरडायची खूण केली. तिला हसू आलं की नाही ते अंतरावरून दिसलं नाही.

तिच्या बापाने तीन तास काही खाल्लं नाही. मीही नाही. तो मधूनच विचारायचा, "आता गनित सुरू झालं असंल?" मी घड्याळ बघून सांगायची, अजून नाही. मग, झालं आता. मला वाटत होतं, जिच्याशी घासाघीस करता येईल अशी एकही व्यक्ती इथे नाही.

गणित सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. टपरीतला पंखा हळू झाला आणि थांबला.

बापाला कळलं नाही. मला कळलं. समोरच्या इमारतीतल्या सिमेंटच्या मिक्सरचा आवाज बंद झाला, रस्त्यावरचा सिग्नल विझला. मी हातातला ग्लास खाली ठेवला आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. त्या केंद्राच्या मागच्या बाजूला कान लावला. चार. पाच. सहाला माझा जनरेटर लागला असता. सहा गेलं.

सातला त्यांचा धडधडला.

"काय झालं मॅडम?" बापाने विचारलं. माझा चेहरा बघून त्याचाही उतरला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा प्या."

त्यानंतरचा तास मी गेटकडे बघत काढला. आत बॅटऱ्या टिकल्या की नाही, कुठली रांग काळी झाली, कुणाचा हात वर आहे, यातलं काहीच बाहेर कळत नाही. बाहेर फक्त जनरेटरचा आवाज येतो.

पेपर सुटला. मुलं एकेक करून बाहेर आली. वैष्णवी जवळजवळ शेवटी आली. बापाने तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला, विचारायचं धाडस त्याला होईना. म्हणून मी विचारलं.

"मध्ये लाईट गेली होती. कळलं का तुला?"

तिने कपाळावर आठी घालून माझ्याकडे पाहिलं.

"कधी?"

तिचा बाप मोठ्याने हसला, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. मी जरा बाजूला गेले आणि दत्ताला फोन लावला.

"सात लागले त्यांना," मी म्हटलं. "आपल्याला सहा लागायचे."